जिव्हाळी सांभाळून: कुत्र्याची नखं घरच्या घरी कापताना

(या भागाचं हे शब्दांकन. मधले काही 'म्हणजे' आणि 'बरं का' गाळले आहेत, बाकी बोललं तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा विषय अगदी छोटा आहे, नखाएवढा. कुत्र्याची नखं घरच्या घरी कशी कापायची. तुमचे जे निरोप येतात त्यात हा प्रश्न सारखा असतो. कुणी लिहितं, 'ताई, आमचा कुत्रा नेलकटर बघितला की पलंगाखाली जाऊन बसतो.' कुणी लिहितं, 'एकदा रक्त आलं, तेव्हापासून माझाच हात थरथरतो.' हा दुसरा निरोप वाचला आणि ठरवलं, यावर बोलायचंच. कारण हे माझ्या घरात घडलंय. माझ्याच हातून.

तर आधी ते सांगते, मग कृतीकडे येते.

आमची खारीक. नाव रंगावरून पडलं. नऊ वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली, दोनेक महिन्यांची असेल. आम्ही नाशिकला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरभर गुळगुळीत टाइल्स. खारीक वर्षाची झाली आणि चालताना टिक टिक आवाज यायला लागला. मी म्हटलं, हिची नखं कापायला हवीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गावाकडे आपल्या दारात चार कुत्री असायची. कुणी कापली होती त्यांची नखं?"

आता त्या वेळी मला वाटलं, आईंचं काहीतरीच. पण त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. गावाकडचं कुत्रं दिवसभर मुरमावर, खडीवर, डांबरी रस्त्यावर फिरतं. माती उकरतं, पळतं, बांधावर चढतं. नखं आपोआप झिजतात. आमची खारीक लिफ्टने खाली जाणार, बागेत गवतावर वीस मिनिटं फिरणार आणि वर येऊन टाइल्सवर झोपणार. झिजणार कुठून? मांजराची नखं आत ओढली जातात, कुत्र्याची तशी जात नाहीत. ती कायम बाहेरच असतात. वाढली की प्रत्येक पावलाला जमिनीवर टेकतात.

असो. तर मी दुकानातून एक क्लिपर आणला. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर मुहूर्त काढला. आई म्हणाल्या, "रात्री नखं कापू नयेत." मी हसले. ट्यूबलाइटखाली बसलो, नवऱ्याने खारीकला मांडीत घट्ट धरलं, मी पंजा पकडला. पहिलं नख, दुसरं नख, काही नाही. मला वाटलं, जमलं की! तिसरं नख काळं होतं. मी जरा मोठा तुकडा घेतला.

ती जी किंचाळली ना, तो आवाज मला अजून ऐकू येतो. हात सोडवून पळाली. पांढऱ्या टाइल्सवर हॉलपासून गॅलरीपर्यंत रक्ताचे ठिपके. मला काहीच सुचेना. मी हळद आणून दाबली, तर हळद रक्ताबरोबर वाहून गेली. शेवटी आईंनी कपाटातून सासऱ्यांच्या दाढीच्या सामानातली तुरटी काढली, खलबत्त्यात कुटली आणि ती पूड नखावर दाबून धरली. रक्त थांबलं. खारीक दिवाणाखाली गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आली.

जखम तीन-चार दिवसांत बरी झाली. पण पुढचं वर्षभर तिने मला पंजा दिला नाही. क्लिपर ज्या खणात ठेवला होता तो खण उघडला तरी ती खोलीबाहेर जायची. मी त्यातून सेलोटेप काढत असले तरी. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत शिकलो, जेवणाच्या आधीची खूण कळली की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. तेच इथे उलटं झालं होतं. खणाचा आवाज म्हणजे दुखणार. एकाच प्रसंगात पक्कं शिकली.

मग मी तिला एका ठिकाणी घेऊन गेले, पैसे देऊन नखं कापून घ्यायला. नाव घेत नाही. चौघांनी धरलं, तोंडाला पट्टा बांधला, दहा मिनिटांत अठरा नखं कापून दिली. काम एकदम चोख, एका नखातून रक्त नाही. पण टेबलावर खारीकने भीतीने लघवी केली होती. घरी येताना रिक्षात ती माझ्या अंगाला टेकली नाही, पलीकडच्या कोपऱ्यात बसली. त्या माणसांना मी काय बोलणार? त्यांनी जे केलं तेच मी घरी केलं होतं, फक्त त्यांचा हात सफाईचा होता.

मला तेव्हा लहानपणी बघितलेलं आठवलं. आजोळी बैलांना पत्री मारायला नालबंद यायचा. बैलाचे पाय दोरखंडाने बांधायचे, त्याला आडवा पाडायचा, चार गडी अंगावर बसायचे आणि मग खुराला पत्री ठोकायची. सहाशे किलोच्या जनावराला दुसरं कसं धरणार, ते मला ठाऊक नाही. पण माझी खारीक पंधरा किलोची. तिला पाडायची मला काय गरज होती? घाई. एवढंच कारण. मला अठराच्या अठरा नखं एका बैठकीत उरकायची होती.

तर आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. अठरा नखं एका दिवशी कापायची असा नियम कुणी केलेला नाही. रोज एक कापा. अठरा दिवसांत सगळी होतात. ज्याला दिवसाला एकच नख कापायचं आहे त्याला कुत्र्याला पाडायची गरजच पडत नाही.

आता नीट क्रमाने बघू.

नखाच्या आत काय असतं

कुत्र्याच्या नखाचं बाहेरचं कवच म्हणजे आपल्या नखासारखंच केराटिन. ते कापलं तर दुखत नाही. पण त्या कवचाच्या आत जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिन्या असतात आणि नसाही. कुत्रेवाले त्याला क्विक म्हणतात. आपल्याकडे जुना चांगला शब्द आहे, जिव्हाळी. नख खोल कापलं गेलं की आपण म्हणतो ना, जिव्हाळीला लागलं. तीच ही जिव्हाळी. आपल्या बोटात ती नखाखाली असते, कुत्र्याच्या नखात ती मधोमध पेन्सिलीतल्या शिशासारखी असते. ती कापली की रक्तही येतं आणि झणझणीत कळही जाते.

पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते. उजेडात धरलं की लगेच कळतं कुठवर आहे. काळ्या नखात ती दिसत नाही, आणि आपल्या गावठी कुत्र्यांची बरीच नखं काळी असतात. खारीकच्या पुढच्या उजव्या पंजाची दोन बोटं पांढरी आहेत आणि त्या दोन बोटांची नखंही पांढरी. तुमच्या कुत्र्याचं एखादं नख पांढरं असेल तर ते तुमचं माप. शेजारच्या काळ्या नखांत जिव्हाळी साधारण तेवढीच आली असेल असा अंदाज बांधायचा. अंदाजच बरं का, खात्री नाही.

दुसरी खूण नखाच्या खालच्या बाजूला असते. पंजा उलटा करून बघा. टोकाकडे नख खालून पोकळ असतं, पन्हाळीसारखं. जिथे ही पन्हाळी भरून नख जाड व्हायला लागतं तिथून पुढे जिव्हाळीची हद्द. कापायचं ते फक्त पोकळ टोक.

आणि हे फार महत्त्वाचं आहे: नखं लांब राहिली की जिव्हाळीही पुढे सरकते. म्हणून फार वाढलेली नखं एका फटक्यात आखूड करता येत नाहीत. पण दर आठवड्याला टोक कणभर कापत राहिलं, तर जिव्हाळी हळूहळू मागे जाते. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणजे थोडं थोडं कापणं यात भित्रेपणा नाही, शास्त्रालाही तेच धरून आहे.

कापायचीच कशाला?

कुत्रं टाइल्सवर सरळ उभं असताना नख जमिनीला टेकत असेल, चालताना टिक टिक होत असेल, तर नखं वाढली आहेत. अशा नखांमुळे बोटं वर ढकलली जातात, पाऊल नीट टेकत नाही, कुत्रं वजन मागे घेऊन चालायला लागतं. गुळगुळीत फरशीवर घसरतं. तरण्या कुत्र्याला चालून जातं. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्याला नाही चालत. शिवाय लांब नख सतरंजीत, सोफ्याच्या कापडात अडकतं आणि मुळापासून फाटतं. ते जिव्हाळीला लागण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आणि पाचवं नख. कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूने थोडं वर एक नख असतं, अंगठ्यासारखं. चार अधिक एक, पाच. मागच्या पायाला बहुतेक कुत्र्यांना चारच. म्हणून एकूण अठरा. काहींना मागेही अंगठे असतात, मग ती वीस होतात. गावाकडे अशा वीसनखी कुत्र्याला भारी मान. तर हा अंगठा चालताना जमिनीला लागतच नाही. म्हणून झिजत नाही. नुसता गोल वळत वाढतो.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांचा कुत्रा होता, पांढरा, केसाळ, ज्याला आपण सगळे पामेरियन म्हणतो तसा. तेरा वर्षांचा. लंगडायला लागला. काकांना वाटलं, वय झालं, संधिवात असणार. दोन महिने तसेच गेले. डॉक्टरांनी पायावरचे केस बाजूला केले, तर अंगठ्याचं नख पूर्ण गोल फिरून कातडीत घुसलेलं. आत पू झालेला. काका मला म्हणाले, "मला माहीत होतं गं नखं वाढलीत. पण पूर्वी एकदा रक्त आलं होतं, मग मी हातच लावला नाही." त्या माणसाने कुत्र्याला स्वतःच्या ताटातलं भरवलं होतं. निष्काळजी नव्हता तो. घाबरला होता. मी हा भाग मुख्यतः काकांसारख्या लोकांसाठी करतेय.

सामान

फार काही लागत नाही. क्लिपर दोन प्रकारचे मिळतात. एक पक्कडीसारखा, दोन पाती दोन्ही बाजूंनी येतात. दुसऱ्यात भोकात नख घालायचं आणि एकच पातं सरकतं. मध्यम आणि मोठ्या कुत्र्याला पक्कडीसारखा बरा. पातं धारदार हवं. बोथट पातं नख कापत नाही, चिरडतं, आणि जिव्हाळीला न लागताही दुखतं. आपलं माणसांचं नेलकटर अगदी छोट्या पिल्लापुरतं ठीक. मोठ्या कुत्र्याचं गोल नख त्यात चपटं होऊन फुटतं.

बॅटरीवर चालणारा ग्राइंडर मिळतो. चांगला असतो, काळ्या नखांना तर फारच. पण एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त धरायचा नाही, नख तापतं. आणि बोटांमधले लांब केस आधी कापायचे, नाहीतर यंत्रात गुंडाळले जातात.

तुरटीची पूड एका डबीत आधीच कुटून ठेवायची. दुकानात रक्त थांबवायची तयार पावडरही मिळते. यातलं काहीच नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं. कापसाचे दोन बोळे. आणि खाऊ. हा साधा बिस्किटाचा खाऊ नको, एरवी कधी मिळत नाही असा हवा. उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे, किंवा पनीर. त्यात मीठमसाला, कांदा-लसूण काही नको. मनुके, द्राक्षं आणि चॉकलेट तर कुत्र्याला कधीच नको, विषारी असतात.

पहिले तीन आठवडे: कापायचं नाही

हो, बरोबर ऐकलंत. क्लिपर हातातही घ्यायचा नाही.

मी काय केलं ते सांगते. पहिला आठवडा फक्त स्पर्श. खारीक निवांत असताना खांद्याला हात लावायचा, मग खाऊ. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत, मग खाऊ. मग पंजा. मग एक बोट हलकेच दाबून नख पुढे आणायचं, खाऊ. क्रम बघा, आधी स्पर्श आणि मग खाऊ. उलटं केलं तर कुत्रं खाऊ बघूनच घाबरायला लागतं, की आता काहीतरी होणार. एका वेळी दोन मिनिटं, जास्त नाही.

दुसऱ्या आठवड्यात क्लिपर जमिनीवर, चार फुटांवर. तिने त्याच्याकडे बघितलं की खाऊ. रोज थोडा जवळ. आमच्याकडे खण हा मोठा शत्रू होता, म्हणून मी क्लिपर खणातून काढून तिच्या पट्ट्याशेजारी खुंटीला अडकवला. फिरायला जायची जागा ती. तिथे कुठलीच वाईट आठवण नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात आवाज. खराट्याच्या काड्या घेतल्या आणि तिच्यापासून लांब बसून क्लिपरने कट कट कापल्या. प्रत्येक कट झाला की खाऊ. मग क्लिपर नखाला नुसता टेकवायचा आणि काढायचा.

चिराग पटेल नावाचे इंग्लंडमधले एक प्राणिप्रशिक्षक आहेत, त्यांचा 'बकेट गेम' प्रसिद्ध आहे. कल्पना अशी की खाऊचं भांडं कुत्र्यासमोर ठेवायचं. कुत्रं भांड्याकडे बघतंय तोवर आपण आपलं काम करायचं. त्याने नजर वळवली की आपण थांबायचं, लगेच. म्हणजे 'थांब' म्हणायचा हक्क कुत्र्याकडे. आम्ही स्टीलचा डबा वापरला. सुरुवातीला खारीकने मला दर तीन सेकंदांनी थांबवलं. मला वाटलं, ही आता मला नाचवणार. पण झालं उलटंच. आपण म्हटलं की हे थांबतात, हे तिला कळलं आणि ती जास्त जास्त वेळ थांबायला लागली. चौथ्या दिवशी तिने हनुवटी डब्याच्या काठावर ठेवली आणि तशीच बसून राहिली.

या काळात कुत्र्याचा चेहरा वाचायला शिका. सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, कान मागे, अंग एकदम ताठ. ही सगळी 'नको' ची भाषा आहे. आणि गुरगुरला तर रागवू नका. गुरगुरणं म्हणजे त्याने सभ्यपणे दिलेली सूचना. ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

प्रत्यक्ष कापताना

वेळ दिवसाची, खिडकीशेजारी. रात्री नखं कापू नयेत, हे आईंचं म्हणणं मी आता मुकाट्याने पाळते. काळ्या नखाला ऊनच लागतं. खाली सतरंजी किंवा रबरी पायपुसणं, पाय घसरले की कुत्रं घाबरतं. आधी मोठं फिरणं झालेलं असावं. झोपेत कापू का, असं बरेच जण विचारतात, आपण तान्ह्या बाळाची कापतो तशी. नको. झोपेतून दचकून उठलेलं कुत्रं चावू शकतं, आणि मग त्याला निवांत झोपायचीही भीती बसते.

पंजा उचलायचा तो त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, पुढे किंवा मागे. बाजूला ओढायचा नाही, खांदा दुखतो. अंगठा बोटाच्या गादीखाली, तर्जनी वर, हलकेच दाबलं की नख पुढे येतं. दाबणं म्हणजे चिमटा नव्हे.

क्लिपर साधारण ४५ अंशांत तिरका धरायचा आणि पातळ चकती काढायची, दोन मिलिमीटरच्या आत. काळं नख असेल तर एकेक चकती काढल्यावर कापलेल्या तोंडाकडे बघायचं. सुरुवातीला ते कोरडं, खडूसारखं पांढुरकं दिसतं. अजून एक चकती. मग मधोमध एक करडा किंवा काळसर ओलसर ठिपका दिसायला लागतो. तो ठिपका म्हणजे जिव्हाळीची सूचना. तिथे थांबायचं. 'अजून एक कण घेऊ' हा मोह होतो, माझं तिसरं नख त्याच मोहात गेलं.

एक नख कापलं, खाऊ दिला, झालं. कुत्रं अजून मजेत असेल तर दुसरं घ्या. पण ते कंटाळायच्या आधी आपण थांबायचं. शेवटची आठवण चांगली राहिली पाहिजे. आणि अंगठे विसरू नका, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत तेच उरका.

ज्यांच्या कुत्र्याला क्लिपर अजिबातच नको, त्यांच्यासाठी एक सोपा उपाय. हार्डवेअरच्या दुकानातून ८० नंबरचा पॉलिश पेपर आणायचा, छोट्या कुत्र्याला १२० नंबर. हातभर लांबीच्या फळीवर चिकटवायचा, फळी तिरकी धरायची आणि कुत्र्याला पंजाने खरवडायला शिकवायचं. शेकहँड येत असेल तर दोन दिवसांत शिकतं. स्वतःची नखं स्वतःच घासतं! गाद्या घासल्या जात नाहीत ना, तेवढं बघायचं. अंगठा मात्र यात घासला जात नाही, तो वेगळाच कापावा लागतो.

रक्त आलं तर

येऊ शकतं. सराईत माणसाकडूनही येतं. पहिली गोष्ट, ओरडायचं नाही. 'अगं बाई, रक्त!' हे कुत्र्याला दुखण्यापेक्षा जास्त घाबरवतं. तुरटीची पूड कापसावर घ्यायची आणि नखाच्या तोंडावर दाबून धरायची. तीन ते पाच मिनिटं, घड्याळ लावून. मधे मधे उचलून बघायचं नाही, धरलेली खपली निघते. थोडं चुरचुरतं, त्यामुळे दुसऱ्या हाताने खाऊ चालू ठेवायचा. थांबलं की अर्धा तास फिरायला, पळायला द्यायचं नाही. पाय चाटू द्यायचा नाही.

वीस मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल तर डॉक्टरकडे. आपल्याकडे याचं एक खास कारण असू शकतं. गोचीड ताप. त्यात कुत्र्याच्या प्लेटलेट्स कमी होतात आणि साध्या कापण्यातूनही रक्त वाहत राहतं. म्हणून गोचीड झालेल्या, ताप असलेल्या, सुस्त पडलेल्या कुत्र्याची नखं घरी कापायला जाऊ नका. आधी उपचार.

आणि तुम्हाला दात लागला किंवा ओरखडा आला, तर कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवायची. घरचंच कुत्रं आहे म्हणून सोडायचं नाही.

कधी आपण हात लावायचा नाही

नख मुळापासून फाटलंय, बोट सुजलंय, नखाच्या मुळाशी पू किंवा वास आहे, नख कातडीत घुसलंय, एकाच वेळी अनेक नखं गळताहेत. हे सगळं डॉक्टरांचं काम. तसंच कुत्रं खरोखर चावायला येत असेल तर बळजबरी नको. डॉक्टर आधी शांत करणारी गोळी देऊन, गरज असेल तर भूल देऊन नखं कापतात. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या मनाने माणसांची गोळी मात्र कधीही द्यायची नाही.

शेवटी

खारीक आता नऊ वर्षांची आहे. तोंडाभोवती पांढरी झालीय. मागचे पाय थोडे आखडतात, पाणी पिऊन वळताना टाइल्सवर मागचा भाग घसरतो. डॉक्टर म्हणाले, वजन वाढू देऊ नका आणि नखं आखूड ठेवा. म्हणजे ज्या वयात नखं कापणं सगळ्यात गरजेचं, त्या वयाला आम्ही पोचलोय. त्या रविवारनंतर मी सोडून दिलं असतं, किंवा दर महिन्याला चौघांकडून धरवत राहिले असते, तर आज काय झालं असतं, हा विचार येतो.

आमचं अजून सगळं जमलेलं नाही, खोटं कशाला सांगू. मागच्या डाव्या पायाचं सगळ्यात बाहेरचं नख ती अजून देत नाही. मी हात नेला की डब्यावरची हनुवटी उचलते आणि माझ्याकडे बघते. मी म्हणते, बरं बाई, उद्या. कधी दुसऱ्या दिवशी देते, कधी चौथ्या.

आई आता शेजारी खुर्चीवर बसून खाऊ द्यायचं काम करतात. परवा म्हणाल्या, "ही माझ्यापेक्षा लाडाने नखं कापून घेते." त्यांचे गुडघे दुखतात, पायाच्या नखांपर्यंत हात पोचत नाही. मी काही बोलले नाही. खारीकचं नख झाल्यावर आपलं नेलकटर घेऊन त्यांच्या पायाशी बसले. आता दर रविवारी सकाळी दोघींचा कार्यक्रम असतो, खिडकीशेजारी.

तर मंडळी, आज क्लिपर आणायची घाई करू नका. आज फक्त एवढं करा. तुमचं कुत्रं निवांत असेल तेव्हा त्याच्या पंजाला हात लावा, हलकेच सोडा आणि एक तुकडा द्या. त्याच्या अंगठ्याचं नख एकदा केस बाजूला करून बघून घ्या. बाकीचं उद्यापासून.

काय झालं, कसं झालं, मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.